खालचं पान

आमच्या ऑफिसात लोक मला जरा वचकून असतात. पुण्यात मी ज्या कंपनीत आहे तिथलं सगळं काम एका ॲपमध्ये चालतं. त्यात फायली नाहीत, पानं आहेत. पानाच्या पोटात आणखी पान, त्याच्या पोटात आणखी एक. ज्याच्याकडे ते ॲप नाही अशा बाहेरच्या माणसाला पान दाखवायचं असेल तर त्याला लिंक पाठवायची. ती पाठवण्याआधी त्या माणसाला काय काय दिसेल हे बघून घ्यायचं असतं, आणि जो ते बघत नाही त्याची मी चारचौघांत बिनपाण्यानं करते. नवीन लागलेल्यांना हे शिकवण्याचं कामही माझ्याकडेच आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझी दया यायला नको.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, आईला कावीळ झाली. आई-आप्पा वरणगावात. आप्पा फॅक्टरीतून रिटायर झालेले, आई अंगणवाडी सेविका होती, तीही त्याच्या दोन वर्षं आधी रिटायर होऊन घरी बसलेली. आधी रीतीप्रमाणे एका खेड्यात जाऊन कावीळ उतरवून झाली. डोळे पिवळेच राहिले. मग भुसावळच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि काही न बोलता जळगावच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. मी पुण्याहून आले, भाऊ धुळ्याहून आला. जळगावच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं आणि आई-आप्पांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं. पित्ताशयाचा कॅन्सर होता आणि तो लिव्हरमध्ये गेलेला होता. नळी टाकून कावीळ उतरवता येईल, बाकी करण्यासारखं काही नाही. चार महिने, फार तर सहा.

"पेशंटला काही सांगितलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, आणि सांगायचंही नाही," भाऊ म्हणाला. "ती हाय खाईल."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनाही ते रोजचंच असावं. आमच्याकडे दुखणं पेशंट सोडून सगळ्यांना माहीत असतं. शेजाऱ्यांना, मावशीच्या जावेला, कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला. त्यात वाईट काही आहे असं मला त्या दिवशी वाटलं नाही. मीही मान हलवली. आप्पांनाही सांगायचं नाही असं ठरलं, कारण आप्पांच्या पोटात काही राहत नाही.

बाहेर आलो तर आईनं विचारलं, "काय म्हने डॉक्टर?"

"खडे आहेत. पित्ताच्या पिशवीला सूज आहे," भाऊ लिफ्टकडे बघत म्हणाला. "औषधानं उतरेल."

"लिहून काय देलं?" तिनं विचारलं आणि हात पुढे केला. तीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं लिहिलेली बाई होती ती, कागद बघितल्याशिवाय तिचं समाधान व्हायचं नाही. मी फाइल पिशवीत घातली आणि म्हटलं, "माझ्याकडे आहे सगळं. तू नको डोकं लावूस."

घरात असं काही झालं की माणसं रडतात, देवाला नवस बोलतात. मी पान उघडलं. जळगावहून परतीच्या प्रवासातच त्याला नाव दिलं, 'आईची औषधं'. कुठली गोळी कधी, काय खायचं, काय वर्ज्य, नळीची काळजी, डॉक्टरांचे नंबर, कोण कधी वरणगावला जाणार. अगदी व्यवस्थित. त्यात आजाराच्या जागी मी 'पित्ताशयाची सूज' असं लिहिलं, कारण चुकून आईच्या नजरेला पडलंच तर घोळ नको. इतका पुढचा विचार मी केला होता.

आता हे पान बघायचं कुणी? भावानं पहिल्याच दिवशी हात झटकले. तो धुळ्याला एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. "मला आणखी एक ॲप नको. आधीच फोन हँग होतो. व्हॉट्सॲपवर टाक काय ते." व्हॉट्सॲपवर टाकलं की जुनं-नवं एकत्र होतं, हे त्याला समजावून मी थकले. लिंक पाठवली तर त्याच्याकडे पासवर्ड मागायला लागली. आप्पांना पाठवली तर ते म्हणाले, काहीतरी इंग्रजी आलं अन् बंद पडलं. शेवटी मी सेटिंगमध्ये जाऊन 'लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल' हे सुरू केलं. पासवर्ड नाही, ॲप नाही, बोट लावलं की पान उघडलं. मग व्हिडिओ कॉलवर आप्पांना शिकवलं. आईला आत झोपायला पाठवलं आणि आप्पांच्या फोनवर त्या पानाची खूण पहिल्याच स्क्रीनवर लावून घेतली.

"दिसतं ना आप्पा नीट?"

"दिसतं, दिसतं. झकास दिसतं."

एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. आप्पांना वर्तमानपत्राचा मथळासुद्धा धड दिसत नव्हता. मी लहान होते तेव्हापासून आमच्या घरात संध्याकाळच्या चहाला आई वर्तमानपत्र मोठ्यानं वाचते आणि आप्पा ऐकतात. डोळे चांगले होते तेव्हाही तसंच, कारण तिचं वाचणं चांगलं आणि त्यांना ऐकायला आवडायचं. मी त्या आवाजात अभ्यास केला आहे. तरी त्या दिवशी, पान आप्पांच्या फोनवर लावताना, मला ते आठवलं नाही. मला वाटलं, काम झालं.

पुढच्या आठवड्यात मी ऑफिसातल्या एका छोट्या मीटिंगच्या खोलीत दार लावून बसले आणि दुसरं पान केलं. त्याला नाव दिलं 'नंतर'. ते फक्त माझ्यासाठी होतं. डॉक्टर जे म्हणाले ते पहिल्या ओळीत शब्दाला शब्द लिहिलं. मग रजा कधी आणि किती टाकायची. मग आप्पा: सहा महिने माझ्याकडे, सहा महिने धुळ्याला. घर भाड्यानं द्यायचं का? दहाव्याचा स्वयंपाक: घरी की आचारी? फोटो: चांगला एकही नाही, ओळखपत्रावरचा मोठा करता येईल का बघणे. साड्या: अंगणवाडीच्या वाटून टाकायच्या, पैठणी वहिनीला. पाटल्या: वहिनीला की मला? त्यापुढे मी प्रश्नचिन्ह टाकलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, थोडा वेळ त्या प्रश्नचिन्हाकडे बघत बसले होते.

लिहून झाल्यावर ते पान मी उचलून 'आईची औषधं'च्या पोटात ठेवलं. आईचं सगळं एका जागी असावं म्हणून. वरच्या पानाची लिंक उघडी असली की त्याच्या पोटातलं सगळं उघडं होतं, हे नवीन लागलेल्यांना मी पहिल्या दिवशी सांगते. माझ्या दृष्टीनं तो ऑफिसचा नियम होता. हे घरचं होतं.

नळी टाकल्यावर आईची कावीळ उतरली. डोळे पांढरे झाले, दोन घास जास्त जाऊ लागले. शेजारणी म्हणायला लागल्या, बघा, बरी झाली. मी दर पंधरा दिवसांनी शनिवार-रविवार जात होते. एप्रिलात एकदा गेले तर स्वयंपाकघरात वेगळंच चाललेलं. आप्पा ओट्याशी उभे, कोपरापर्यंत पीठ, आणि परातीत दादर ज्वारीच्या पिठाचा गोळा. आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांना सांगत होती, "पानी थोडं थोडं. असं लोटायचं नाही. तयहातानं मया."

माझं डोकंच फिरलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत गॅस पेटलेला, आणि पोटात नळी असलेली बाई तिथे बसून सत्तरीच्या माणसाला भाकरी शिकवते आहे. मी आईला वाट्टेल ते बोलले. स्वयंपाकाला बाई लावून दिली होती ना? मग हे थेर कशाला? आप्पा ओशाळून हात धुवायला गेले.

"शिकू दे व," आई म्हणाली. "बसून बसून गंजले ते."

मी तिला दंडाला धरून पलंगावर नेलं. दंड हातात मावत होता. ती आली, पण दुपारी मी पडले तेव्हा पुन्हा स्वयंपाकघरातून दोघांचा हळू आवाज येत होता. वरणाला फोडणी कधी द्यायची ते चाललं होतं.

मे महिन्यात ती आप्पांना घेऊन रिक्षानं भुसावळला गेली, भर दुपारी, फोटो काढायला. नेसायला निळी साडी, केसांना तेल. आल्यावर ताप भरला. भावानं धुळ्याहून फोनवर दोघांना झापलं, मी पुण्याहून झापलं. "तुह्या आप्पाले जोडीनं फोटो पाह्यजे होता," एवढंच ती म्हणाली. फोटो आला त्यात जोडीचा एक होता आणि तिचा एकटीचा एक होता, मोठा. त्याच महिन्यात एका रविवारी तिनं हातातल्या पाटल्या काढल्या. एक वहिनीसाठी ठेवली, एक माझ्या हातावर ठेवली. "हात बारीक झाले. घसरतात," म्हणाली. मी घेतली. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, कारण एक प्रश्न परस्पर मिटला होता. परत येताना गाडीत मी ती घालूनही पाहिली.

जूनच्या सुरुवातीला ऑफिसात एकानं गिऱ्हाईकाला पान पाठवलं आणि त्याच्या पोटातलं आमचं आतलं पानही गिऱ्हाईकाला दिसलं. मी त्याला समोर उभं करून पंधरा मिनिटं बोलले. वर ठेवलेलं उघडं की आतलं उघडं, एवढं कळत नाही? असं बोलत असतानाच मला घरचं पान आठवलं. त्याला तिथेच सोडून मी जागेवर आले आणि 'नंतर' उघडलं. पान किती वेळा पाहिलं गेलं हे त्या ॲपमध्ये दिसतं. मी स्वतः उघडलेलं सोडून ते एकोणीस वेळा पाहिलं गेलं होतं. बघणाऱ्याचं नाव नाही, कारण ज्याच्याकडे ॲप नाही त्याचं नाव ॲपला ठाऊक नसतं. वेळा तेवढ्या होत्या. बहुतेक सगळ्या संध्याकाळी पाच ते सहामधल्या.

मी आधी भावाला फोन केला. मनात देवाला म्हणत होते, तोच असू दे.

"कुठलं खालचं पान?" तो म्हणाला. "मी तुझं ते वरचंच महिनाभर उघडलेलं नाही. तू फोनवर सांगतेसच की सगळं."

वहिनीनंही उघडलेलं नव्हतं. ती लिंक या जगात आणखी एकाच फोनवर होती. पाच ते सहा ही आप्पांच्या चहाची वेळ. तेव्हा कुठे मला आईचं मोठ्यानं वाचणं आठवलं. आणि हेही आठवलं की नोकरीच्या शेवटच्या वर्षांत अंगणवाडीचं सगळं काम मोबाईलवर आलं होतं. त्यात प्रत्येक मुलाच्या नावाखाली आणखी नोंदी असत, आणि त्या सगळ्या उघडून पाहिल्याशिवाय महिन्याचं काम पूर्ण धरत नसत. तिला मोबाईल येत नाही असं आम्ही सगळे गृहीत धरून बसलो होतो. खरं तर एखाद्या पानाखाली बारीक अक्षरात दुसऱ्या पानाचं नाव दिसलं तर त्यावर बोट ठेवणारी आमच्या घरात ती एकटीच होती.

मी यादी पुन्हा वाचली. आप्पा सहा-सहा महिने. फोटो. पाटल्या. प्रत्येक ओळीपुढे तिनं दोन महिन्यांत काय केलं होतं ते मला एकेक आठवत गेलं. ओळीपुढे बरोबरची खूण तेवढी नव्हती, कारण माझ्या पानावर तिला लिहिता येत नव्हतं. मी तिला फक्त बघण्याची परवानगी दिली होती.

तिला कॅन्सर असल्याचं कळलं याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं, पण आधी वाटली ती लाज. माझ्या जिवंत आईनं तिच्या पाटल्यांपुढे मी टाकलेलं प्रश्नचिन्ह वाचलं होतं, एकदा नाही, कितीतरी वेळा, आणि मग पाटली काढून माझ्या हातावर ठेवली होती.  मग मी जे ऑफिसात करते तेच केलं. 'नंतर' तिथून उचलून दुसरीकडे टाकलं, जुनी लिंक बंद केली, नवीन केली आणि आप्पांच्या फोनवर पाठवून दिली. दहा मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला. आवाज बारीक झाला होता, पण बोलणं स्वच्छ.

"काय व, पान नवं धाडलं का तू?"

"हो. जुनं बिघडलं होतं."

"त्याच्याखाली आखीन एक पान होतं. ते दिसत नाही आता."

मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. खालून कुणीतरी वर येत होतं, त्याला वाट द्यायला मी भिंतीला टेकले.

"कुठलं पान?"

"होतं एक."

ती थांबली. इतका वेळ थांबली की फोन कट झाला की काय असं मला वाटलं. मागे आप्पांच्या खोकल्याचा आवाज आला म्हणून कळलं की झालेला नाही. आज मला माहीत आहे की ती वाट बघत होती. खरं तर तेव्हाही माहीत होतं.

"ऑफिसचं असेल ते, आई," मी म्हटलं. "चुकून आलं असेल. त्यात काही नव्हतं."

"ऑफिसचं."

"हो."

"बरं," ती म्हणाली.

हे 'बरं' मी लहानपणापासून ऐकलेलं. अंगणवाडीत एखादी बाई काखेतल्या वाळक्या पोराकडे बोट दाखवून म्हणायची, चांगलं पोटभर जेवतं हो. आई म्हणायची, बरं. आणि काट्यावर दिसेल ते वजन लिहायची. त्या बाईला ती कधी खोटी म्हणाली नाही. मलाही नाही म्हणाली. मी जेवले का, एवढं विचारलं आणि फोन ठेवला.

मी जिन्यात उभी राहिले आणि मला हायसं वाटलं. हे लिहायला जड जातं, पण तसंच होतं. वाटलं, निभावलं. भावाला मी काही सांगितलं नाही. तो म्हणाला असता, तुझ्या त्या ॲपनं घात केला. ॲपचा काही दोष नव्हता, त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं.

त्यानंतर आई महिना-सव्वा महिना होती. कावीळ पुन्हा चढली, नळी बदलण्यात अर्थ नाही असं जळगावहून सांगितलं. मी रजा टाकून वरणगावला येऊन राहिले. शेवटपर्यंत आम्ही खडे आणि सूज हेच बोलत राहिलो. भेटायला येणारे म्हणायचे, दिवाळीपर्यंत ठणठणीत होता की नाही बघा, आणि ती म्हणायची, हो ना. ते बाहेर जाऊन चपला घालता घालता भावाला डोळ्यांनीच विचारायचे, किती दिवस? पलंग तिथून सहा हातांवर होता. एकदा मी तिचे पाय चेपत होते, तेव्हा ती म्हणाली, "आप्पाले इथून हालवू नको. ह्या घरात त्याह्यले अंधारातबी चालता येते."

"असं काय बोलतेस?" मी म्हटलं. "तू आहेस की."

तिनं पाय जवळ ओढून घेतले. जुलैत एका सकाळी अकराच्या सुमारास वहिनी तिचे केस विंचरत असताना ती गेली.

दहावं झालं. स्वयंपाक आचाऱ्यानं केला, यादीत ठरलं होतं तसा. फोटोला हार घातला, निळ्या साडीतल्या. येणारे-जाणारे म्हणाले, फोटो काय छान आहे. पाहुणे पांगले, भाऊ-वहिनी धुळ्याला गेले, आणि मी आप्पांना पुण्याला नेण्यासाठी मागे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बाहेरच्या ओट्यावर बसलो होतो. मी विषय काढला. सहा महिने माझ्याकडे, सहा महिने धुळ्याला, असं आम्ही ठरवलंय, म्हटलं.

"ठाऊक शे मले," आप्पा म्हणाले. "मी कुठी जानार नाही. मले भाकर येते आता."

 आप्पा रस्त्याकडे बघत बोलत राहिले. आप्पांच्या पोटात काही राहत नाही असं आम्ही म्हणायचो. चार महिने राहिलं होतं.

"तिनं वाचून दाखवलं मले. बठ्ठं, पहिल्यापासून. चहा पिता पिता. डाक्टरचं वाचलं, मंग थांबली, पानी पेली. मंग पुढचं वाचलं. माहे सहा-सहा महिने आले तव्हा हासली. म्हने, तुमचे वाटे पाडले पोरायनं."

"आणि पाटल्यांचं?"

"तेबी वाचलं."

"मग मला विचारलं का नाही तुम्ही? मला शिव्या का नाही घातल्या?"

"मी म्हनलं होतं, पोरीले फोन लावतो. ती म्हने, नको. पोरगी सोताहून सांगंन. कधी ना कधी सांगंन, मंग आम्ही दोघी बसून काय बोलायचं ते बोलू. त्या पानाचा फोन झाला ना तुमचा, त्याच्या पुढच्या शनवारी तू आलती. सकायीच तिनं मले सांगून ठेवलं. पोरगी आली की तुम्ही बाहेर जा म्हने, अन् दोन तास येऊ नका. तुमच्यासमोर ती बोलनार नाही. मी गेलो. बस स्टँडवर जाऊन बसलो. घड्याय पाहत."

तो शनिवार मला आठवतो. मी दहाच्या सुमारास पोचले. आप्पा दारातच भेटले, हातात कापडी पिशवी. "भाजी आनतो," म्हणाले. आत आई आंघोळ करून, केस नीट बांधून बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर उशीला टेकून बसली होती. पलंगाजवळ एक खुर्ची ओढून ठेवलेली होती, अगदी चिकटून. मी त्या खुर्चीवर माझी बॅग ठेवली.

मग मी स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिज उघडला. आत बर्फाचा थर साचला होता. मी म्हटलं, हे काय, हा साफ करायला हवा. फ्रिज बंद केला, सगळं बाहेर काढलं, फडकी घेतली, बर्फ सुटायची वाट बघत खाली बसले. शिळ्या चटण्या फेकल्या. डबे घासले. औषधांच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ. तोंडानं बडबड चालूच होती, या घरात कुणी काही बघत नाही म्हणून.

"ये न व," आईनं हाक मारली. "बस इथी."

"आलेच."

थोड्या वेळानं तिनं पुन्हा हाक मारली. मी पुन्हा आलेच म्हटलं आणि फ्रिजचं रबर पुसायला घेतलं. ते खरं तर स्वच्छ होतं. ती मला कशासाठी बोलावते आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या खुर्चीवर जाऊन बसायची माझी हिंमत नव्हती. मला वाटत होतं, आप्पा आले की सुटेन. तिसऱ्यांदा तिनं हाक मारली नाही.

बारा वाजून गेल्यावर आप्पांच्या चपला वाजल्या. तेव्हा ती पलंगावरून म्हणाली, "चहा ठेव. उन्हातून आले ते."

मी हात पुसत बाहेर आले. आप्पा उंबऱ्यात उभे होते. आधी त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा आईकडे. आईनं नुसती मान हलवली, नाही म्हणून. पिशवी त्यांच्या हातात तशीच होती, रिकामी. ते मी तेव्हाच पाहिलं होतं. मी आत गेले आणि चहा ठेवला.